मूत्राशय काढल्यावर: पोटावरची बॅग घरी कशी सांभाळावी

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे मूत्राशयालाही ‘लघवीची पिशवी’ म्हणतात आणि ऑपरेशननंतर पोटावर चिकटवतात तीही ‘पिशवी’च. आमच्या अण्णांना डॉक्टर म्हणाले, “पिशवी काढायची आणि पिशवी लावायची.” अण्णा मान डोलावून बाहेर आले आणि हळूच मला विचारलं, “काढलेलीच धुऊन बाहेर लावणार काय रे?” तेव्हा या लेखापुरतं ठरवून टाकू: आतलं ते मूत्राशय, बाहेरची ती बॅग.

मूत्राशयाचा कॅन्सर स्नायूच्या थरापर्यंत गेला की बऱ्याचदा सगळं मूत्राशयच काढावं लागतं. मग लघवीला दुसरी वाट करून द्यावी लागते. त्यातली सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे आयलियल कॉन्ड्युट. ज्यांच्या घरी या ऑपरेशनची तारीख ठरली आहे किंवा जे नुकतेच डिस्चार्ज घेऊन आले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. सहा वर्षं अण्णांची बॅग बदलतोय, एवढाच माझा अधिकार. औषधं आणि निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. पण एक सांगतो, नियमांची यादी पाठ करत बसू नका. आत काय कुठे जोडलंय ते एकदा डोळ्यांसमोर आणा, अर्धे नियम तुमचे तुम्हालाच सुचतील.

आत केलंय काय

दोन किडन्या, प्रत्येकीतून खाली येणारी एकेक मूत्रवाहिनी, साधारण २५ ते ३० सेंमी लांब. पूर्वी या दोन्ही मूत्राशयात उघडायच्या. आता मूत्राशय नाही. पुरुषांमध्ये त्याच्याबरोबर प्रोस्टेटही काढतात, बायकांमध्ये बऱ्याचदा गर्भाशयही. सर्जन लहान आतड्याचा १५ ते २० सेंमीचा एक तुकडा वेगळा करतात. त्याचा रक्तपुरवठा तोडत नाहीत, त्यामुळे तो तुकडा जिवंतच राहतो. उरलेलं आतडं पुन्हा एकमेकांना जोडतात, म्हणजे जेवणाची वाट पूर्वीसारखीच चालू. तुकड्याचं एक टोक शिवून बंद करतात, त्या बाजूला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात. दुसरं टोक बेंबीच्या उजवीकडे खालच्या अंगाला पोटाबाहेर काढतात आणि शर्टाची बाही दुमडावी तसं उलटं दुमडून शिवतात. हे बाहेर दिसणारं लालबुंद बोंड म्हणजे स्टोमा. ते कातडीपासून दोनेक सेंमी वर ठेवतात ते लघवी कातडीवर न ओघळता सरळ बॅगेत पडावी म्हणून.

कॉन्ड्युट म्हणजे पन्हळ. कौलांवरचं पाणी पन्हळीत साठत नाही, वाहून जातं. हा आतड्याचा तुकडाही नवीन मूत्राशय नव्हे, नुसती पन्हळ आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या यूजीन ब्रिकर यांनी १९५० साली ही पद्धत मांडली. त्याच्या शंभर वर्षं आधीपासून सर्जन लघवी मोठ्या आतड्यात वळवायचा प्रयत्न करत होते. लंडनच्या जॉन सायमन यांनी अशा ऑपरेशनची माहिती १८५२ मध्ये छापली होती. पण तिथे लघवी आणि मळ एकत्र. जंतू किडनीपर्यंत चढायचे. शिवाय शोषून घेणं हा आतड्याचा मूळ धर्म, त्यामुळे साठलेल्या लघवीतला क्लोराइड आणि आम्ल परत रक्तात यायचं. १९५० मध्येच मेयो क्लिनिकच्या फेरिस आणि ओडेल यांनी रक्तातला हा बिघाड नीट दाखवून दिला. कित्येकांना अनेक वर्षांनी नेमक्या त्या जोडापाशी आतड्याचा कॅन्सरही झाला. पन्हळीत लघवी थांबतच नाही, म्हणून आतड्याला शोषायला वेळ मिळत नाही. ब्रिकर यांची पद्धत टिकली त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

आतड्याचंच नवं मूत्राशय करून ते जुन्या लघवीच्या वाटेला जोडण्याची पद्धतही आहे, त्याला निओब्लॅडर म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला स्टूडर आणि जर्मनीत उल्मला हाउटमन यांनी १९८० च्या दशकात त्यावर मोठं काम केलं. पोटावर बॅग नाही हा मोठा फायदा. पण आतडं पन्नास-साठ सेंमी लागतं, रात्री गजर लावून उठावं लागतं, काहींना स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकावं लागतं, आणि किडनी आधीच कमकुवत असेल तर डॉक्टर सहसा नको म्हणतात. अण्णांचं क्रिएटिनिन (किडनी कितपत काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं होतं, त्यामुळे आमच्यापुढे तो प्रश्नच आला नाही.

ऑपरेशनच्या आधी: खूण

स्टोमा कुठे काढायचा याची खूण ऑपरेशनच्या आधी, माणूस पूर्ण शुद्धीत असताना पोटावर करतात. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली ही सर्वांत महत्त्वाची दहा मिनिटं आहेत आणि नातेवाईक नेमके तेव्हा बिलाच्या काउंटरवर असतात. तुम्ही तिथे थांबा.

स्टोमा पोटाच्या उभ्या स्नायूतून बाहेर यावा लागतो. नाहीतर पुढे शेजारून आतडं फुगून हर्निया होण्याची भीती वाढते. भोवती तळहाताएवढी सपाट जागा हवी: बेंबी, जुना टाका, हाड, घडी यांपासून लांब. आता गंमत अशी की झोपलेल्या माणसाचं पोट सपाटच दिसतं. घड्या पडतात त्या बसल्यावर. म्हणून सिस्टर झोपवून, बसवून, उभं करून, वाकवून बघतात. आपल्या माणसाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आपण होऊन सांगा. एक, तो मांडी घालून जेवायला बसतो का आणि संडासला उकिडवा बसतो का. तसं बसवून बघायला सांगा. दुसरी, कमरेला नाडी कुठे येते. धोतर, पायजमा, परकराची नाडी, साडीच्या निऱ्या खोचायची जागा, हे सगळं नेहमी जिथे बांधतात तिथे बांधूनच खूण करून घ्या. आणि माणसाला स्वतःचा स्टोमा स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. सुटलेल्या पोटाच्या खाली गेला तर जन्मभर दुसऱ्याच्या हाताकडे बघावं लागतं.

अण्णांना सिस्टरनी पलंगावर मांडी घालायला लावली आणि पहिली खूण घडीत गडप झाली. पुसली, दोन बोटं वर केली. त्या दोन बोटांवर आमची सहा वर्षं चालली आहेत.

बिडी-सिगारेट सुरू असेल तर आजच बंद. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण तेच, आणि ऑपरेशननंतर जखम भरण्यात आणि छातीत कफ साठण्यातही तेच आडवं येतं.

दवाखान्यातले पहिले दिवस

स्टोमातून दोन बारीक नळ्या लोंबताना दिसतील. एकेका मूत्रवाहिनीत एकेक. जोड भरून येईपर्यंत लघवी वाहती राहावी म्हणून त्या ठेवतात आणि साधारण एक-दोन आठवड्यांनी काढतात. बॅग बदलताना त्या ओढल्या जाणार नाहीत एवढं बघा. एखादी आपोआप निघून आली तर फेकून न देता सिस्टरना दाखवा.

स्टोमाचा रंग ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओला हवा. पुसताना दोन थेंब रक्त आलं तर घाबरू नका, आतड्याच्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्या भरपूर असतात, हिरडीसारखंच ते. पण रंग जांभळा, करडा किंवा काळा पडू लागला तर रक्तपुरवठा कमी पडतोय, तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. आणखी एक: स्टोमाला स्पर्शाच्या वेदना नसतात. ऐकायला बरं वाटतं, पण कडक कडा घासून तो कापला तरी माणसाला कळत नाही. त्यामुळे रोज डोळ्यांनी बघायचं.

लघवीत पांढरे तंतू, शेंबडासारखे गोळे दिसतील. पहिल्यांदा बघितलं की सगळ्यांना पू वाटतो. तो आतड्याचा चिकट स्राव आहे. तुकडा जिवंत आहे, त्यामुळे तो स्राव सोडणारच. पाणी पुरेसं प्यायलं की पातळ होतो.

बॅग बदलणं

सामान आणताना मेडिकलवाल्याला ‘युरोस्टॉमी बॅग’ असंच सांगा. नुसतं ‘स्टोमाची बॅग’ म्हटलं की तो कोलोस्टॉमीची देतो. ती मळासाठी असते, खाली रुंद तोंड आणि क्लिप. आपल्या बॅगेला खाली तोटी असते आणि आत लघवी परत वर जाऊ न देणारी झडप असते. एकजोड आणि दोनजोड असे दोन प्रकार. दोनजोडमध्ये कातडीला चिकटणारी फ्लँज वेगळी आणि तिच्यावर बसणारी बॅग वेगळी. कोलोप्लास्ट, होलिस्टर, कॉन्व्हाटेक ही नावं दुकानात ऐकू येतील. पहिल्याच महिन्यात डझनभर घेऊन ठेवू नका. एका माणसाच्या पोटाला जी बसते ती दुसऱ्याला बसेलच असं नाही, आणि शिवाय पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आकाराने लहान होत जातो.

वेळ: सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधी. रात्रभर काही प्यायलेलं नसतं, त्यामुळे लघवीचा ओघ कमी असतो. अण्णांना चहाशिवाय सकाळ सुरू झालेली चालत नाही, पण आठवड्यातून दोन दिवस आईने किटलीवर ताट झाकून ठेवायचं असं ठरलं.

आधी सगळं हाताशी मांडून घ्या: नवी फ्लँज आणि बॅग, मोजपट्टीचं कार्ड, वाकड्या टोकाची छोटी कात्री, पेन, गॉज, कोमट पाण्याचं भांडं, मऊ कोरडं फडकं, जुनी बॅग टाकायला कागद. कात्री शोधायला उठलात की पन्हळ वाहतेच आहे, ती तुमच्यासाठी थांबत नाही.

जुनी बॅग रिकामी करा. मग फ्लँज वरून खाली सोलायची, एका हाताने कातडी दाबून धरत. फ्लँज ओढू नका, फ्लँजपासून कातडी मागे ढकला. लगेच गॉजची गुंडाळी करून स्टोमाच्या तोंडावर टेकवा. आत कोंबायची नाही, नुसती टेकवायची. ती लघवी शोषत राहते आणि भोवतालची कातडी कोरडी राहते. या एका युक्तीसाठी मी सिस्टरचा आजन्म ऋणी आहे. पहिल्या वेळी गॉज न धरता आम्ही तीनदा कातडी पुसली, तीनदा ओली झाली, आणि अण्णा म्हणाले, “नळ बंद करा की आधी.”

धुवायचं साध्या कोमट पाण्याने. डेटॉल नको, स्पिरिट नको, खोबरेल तेल नको, पावडर नको. तेलकट किंवा पावडर लावलेल्या कातडीवर काहीही चिकटत नाही. टिपून कोरडं करा, घासू नका. केस असतील तर कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करा.

मग मोजमाप. कार्डावरच्या भोकांतून स्टोमाला नेमकं बसणारं भोक शोधा आणि फ्लँजवर त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठं वर्तुळ काढून कापा. मोठं कापलंत तर उघड्या कातडीवर लघवी साचून ती सोलपटते. लहान कापलंत तर कडा स्टोमाला कापते, आणि वर सांगितलं तसं, ते कळतही नाही. कापलेल्या कडेवरून बोट फिरवून खरखर गुळगुळीत करा. पहिले दोन महिने प्रत्येक वेळी मोजायचं.

फ्लँज दोन तळहातांत मिनिटभर धरून उबदार करा, म्हणजे चिकट थर मऊ होतो. कागद काढा, गॉज काढा, खालच्या कडेपासून वर लावत या, कारण गळती बहुतेक वेळा खालूनच होते. लावल्यावर तळहाताने एक-दोन मिनिटं दाबून धरा. दोनजोड असेल तर बॅग ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवा आणि हलकेच ओढून बघा.

तोटी बंद आहे का ते आता बघा. हसाल, पण नवी बॅग काही वेळा उघड्या तोटीने येते. आमच्या घरात ही चूक एकट्याने नाही, तिघांनी मिळून केली आहे.

तीन ते पाच दिवसांनी बदलायची, फार तर आठवड्याने. उन्हाळ्यात घामामुळे लवकर. मधेच गळायला लागली तर वरून चिकटपट्टी मारून दिवस ढकलू नका. खाली लघवी झिरपत असते आणि कातडी आतल्या आत जळते.

बॅग भरू देऊ नका

एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करायची. भरलेली बॅग जड होऊन फ्लँज ओढते, हे एक. दुसरं त्याहून महत्त्वाचं: आपल्या मूळ मूत्राशयात मूत्रवाहिनी तिरकी घुसते, त्यामुळे लघवी उलटी वर जात नाही. पन्हळीच्या जोडाला सहसा तशी सोय नसते. पन्हळ तुंबली की पाणी घरातच येणार. बॅगेतली झडप त्यासाठीच आहे, पण सगळा भार तिच्यावर टाकायचा नाही.

रात्री तोटीला लांब नळीची मोठी बॅग जोडा, साधारण दोन लिटरची. ती पलंगापेक्षा खाली, बादलीत ठेवा. जोडण्याआधी छोट्या बॅगेत थोडी लघवी राहू द्या, नाहीतर आतल्या हवेने बॅग चिकटून ओघ अडतो. नळीला पीळ पडला नाही ना, ते झोपताना एकदा बघा.

पाणी दिवसाला दोन-अडीच लिटर, हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर. बॅग भरेल या भीतीने पाणी कमी पिणारे फार जण असतात, आणि त्यातूनच खडे आणि इन्फेक्शन सुरू होतं. निर्जळी उपवास आता नाही. आईने ते विठोबाशी परस्पर बोलून घेतलं.

स्टोमाच्या भोवती मिठासारखे खरखरीत पांढरे कण जमू लागले तर ते लघवीतले क्षार आहेत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन त्यात भिजवलेलं फडकं बॅग बदलताना काही मिनिटं ठेवलं की ते विरघळतात. पण आधी सिस्टरना दाखवा, आणि भोकाचं माप पुन्हा तपासा, कारण मूळ चूक सहसा तिथेच असते.

लघवी तपासायला देताना

हे मी अनुभवाने सांगतो. दुसऱ्या वर्षी अण्णांना थकवा आला म्हणून एका लॅबमध्ये गेलो. तिथल्या मुलाने सरळ बॅगेची तोटी उघडून नमुना घेतला. रिपोर्टमध्ये जंतूच जंतू. दोन कोर्स अँटिबायोटिकचे झाले, जुलाब झाले, थकवा तसाच. पुढे कळलं की बॅगेत जंतू असायचेच. आतड्याच्या तुकड्यातही बऱ्याचदा काही त्रास न देता राहतात. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करायचं असेल तर बॅग काढून, स्टोमा स्वच्छ करून, बारीक निर्जंतुक नळी स्टोमात घालून नमुना घेतात. तशी सोय नसेल तर निदान कोरी बॅग लावून पडलेले पहिले थेंब. आणि ताप, थंडी, कुशीत दुखणं यातलं काहीच नसेल तर केवळ रिपोर्टमधल्या जंतूंसाठी गोळ्या घ्यायच्या का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. अण्णांच्या थकव्याचं कारण शेवटी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निघालं.

त्यालाही शरीररचनेचं कारण आहे. बी-१२ लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषलं जातं. म्हणून सर्जन तो शेवटचा पंधरा-वीस सेंमीचा भाग सोडून त्याच्या अलीकडचा तुकडा घेतात. तरी काहींना कमतरता येते, आणि यकृतातला साठा संपायला काही वर्षं जात असल्याने ती उशिरा दिसते. वर्षातून एकदा तपासा.

दुखत नाही म्हणून सोनोग्राफी टाळू नका

डावी किडनी डावीकडे, स्टोमा उजवीकडे. म्हणजे डावी मूत्रवाहिनी मोठ्या आतड्याच्या पडद्याखालून पलीकडे न्यावी लागते. ती जास्त मोकळी करावी लागते, जास्त लांब जाते, आणि टोकाकडचा रक्तपुरवठा कमी पडण्याची शक्यता वाढते. म्हणून जोड आकसण्याचा प्रकार डाव्या बाजूला अधिक दिसतो. तो हळूहळू आकसतो. लघवी उजव्या बाजूने येतच असते, बॅग भरतच असते, दुखत काही नाही, आणि डावी किडनी मात्र महिनोन्‌महिने फुगून निकामी होत जाते. बाहेरून बघून हे कुणालाच कळणार नाही. सोनोग्राफीत कळतं. ठरलेल्या तारखांना सोनोग्राफी किंवा सीटी, रक्तात क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, हे चुकवायचं नाही. कॅन्सरसाठीची तपासणी त्याच वेळापत्रकात असते. एका वहीत तारीख आणि आकडे लिहून ठेवा, फायली हरवतात.

लगेच दवाखाना गाठायचा तो कधी: थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, काही तास बॅगेत लघवीच न येणं, स्टोमा काळपट पडणं, लघवीत रक्ताच्या गाठी, स्टोमाशेजारी फुगवटा येऊन उलट्या सुरू होणं. आणि मूत्रमार्ग शिल्लक ठेवला असेल तर त्या जुन्या वाटेने रक्त आलं तरी सांगायचं. लाजून गप्प बसणारे पुष्कळ आहेत. शरीरसंबंधांबद्दलही तसंच. त्यावर उपचार आहेत, पण डॉक्टर आपण होऊन विषय काढतीलच असं नाही.

बाहेर पडताना

पहिले दोन-तीन महिने हंडा, सिलिंडर, धान्याचं पोतं उचलायचं नाही. खोकताना, शिंकताना स्टोमावर तळहात ठेवा. आंघोळ बॅगेसकट करता येते.

पैशाचं आधीच बघा. ऑपरेशनसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू होते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. बॅगांचा खर्च मात्र दर महिन्याचा आहे, तो घराच्या हिशेबात धरावाच लागतो. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही अशाच लोकांची संस्था आहे. बॅग लावून हिंडणारा दुसरा माणूस एकदा प्रत्यक्ष भेटला की रुग्णाच्या चेहऱ्यात जो फरक पडतो, तो आमच्या समजावण्याने पडला नव्हता.

प्रवासात अण्णांच्या शबनममध्ये असतं: आधीच भोक कापून ठेवलेल्या दोन फ्लँज, दोन बॅगा, गॉज, पाण्याची छोटी बाटली, फडकं, काळ्या पिशव्या, एक जादा पायजमा. उन्हात उभ्या गाडीत हे सामान ठेवू नका, चिकट थर वितळतो. एसटीत ते उजवीकडची खिडकी घेत नाहीत, कारण वळणावर गाडी डावीकडे वळली की पोट बाजूच्या पत्र्यावर दाबलं जातं. पंगतीत मांडी घालून जेवतात, लांब शर्ट बाहेर सोडून. मागच्या मे महिन्यात लग्नात शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी विचारलं, “तब्येत काय म्हणते? ऑपरेशन झालं होतं ना कसलं तरी?” अण्णांनी जिलेबी मोडता मोडता सांगितलं, “पन्हळ बसवलीय,” आणि मठ्ठा वाढणाऱ्याला हाक मारली.